डावीकडे दर्या

आठ फेब्रुवारी, रविवार. दुकान बंद होतं, म्हणून माळा रिकामा करायला घेतला. सोमवारी ताडपत्रीचे रोल यायचे होते आणि ठेवायला वीतभर जागा नव्हती. भाट्याचा पूल ओलांडून गावात शिरलं की चढावर माझं दुकान आहे. रिक्षांचे हूड, स्कूटरच्या सीटा, टेम्पोच्या ताडपत्र्या असलं सगळं मी शिवते. नवरा बोटीवर असतो. वर्षातले आठ महिने समुद्रात आणि उरलेले चार सोफ्यावर. त्यामुळे दुकान माझंच.

माळ्यावरून तुटक्या मशीनचं चाक निघालं, उंदरांनी कुरतडलेली गादी निघाली आणि तिच्यामागे मरून रेक्झिनचे दोन जाडजूड पॅड निघाले, हत्तीच्या पायाएवढे. चार वर्षांपूर्वी मीच शिवलेले. "ठेवा," म्हणाली होती, म्हणून ठेवले होते. ज्या मुलीसाठी ते शिवले, ती त्याच संध्याकाळी टीव्हीवर दिसणार होती. हॉकीच्या व्यावसायिक लीगमध्ये तिच्या संघाचा सामना होता. ती संघात होती, पण दुसरी गोलकीपर म्हणून. गोलात उभी राहणार की बाकावर बसणार, ते सामना सुरू झाल्याशिवाय कळणार नव्हतं. मी पॅड खाली टाकले, धूळ झटकली आणि पुढचं काम घेतलं. हात चालत होते, पण डोकं काही माळ्यावर राहिलं नाही.

तिचं नाव लिहीत नाही. तिला नावाने हाक मारलेली आवडायची नाही. हाक मारली की आधी तिचे दोन्ही हात वर यायचे आणि मग मान वळायची. पहिल्यांदा आली तेव्हा अकरावीत होती. दारातून आडवी आत शिरली, खेकड्यासारखी. मला वाटलं, पाय दुखतोय. नंतर कळलं की ती सगळीकडे तशीच चालते. बाजारात, देवळात, एसटीत चढताना. कुणाकडे पाठ करायची नाही, असा तिचा नियम होता. पाठीमागून काय येईल सांगता येत नाही, म्हणायची.

शाळेचे फाटके पॅड पायाला बांधूनच आली होती. त्यातला फोम भिजून पोळीसारखा चपटा झाला होता.

"हे शिवता का?"

"हे काय आहे?"

"पाय," ती म्हणाली.

एवढंच. गोलाबाहेर ती एका वेळी दोन-तीन शब्दांच्या पुढे जात नसे. चहा दिला तर "झालं". बस चुकली तर "झालं". बारावीचा निकाल लागला, पास झाली, तेव्हाही "झालं". माझ्यासारखीला ते सोयीचं होतं. गिऱ्हाइकं दिवसभर डोकं खातात. ही नुसती स्टुलावर बसायची आणि दाराकडे बघत राहायची.

जुने पॅड दुरुस्त होण्यासारखे नव्हते. मी नवे शिवले. रिक्षाच्या सीटचा फोम, वर मरून रेक्झिन, मागे नायलॉनचे पट्टे. आयुष्यात पहिल्यांदा अशी सीट शिवत होते जिच्यावर कुणी बसणार नव्हतं. माप घ्यायला म्हटलं तर ती सरळ उभीच राहीना. गुडघे वाकवून, पुढे झुकून उभी. "अशीच असते मी," म्हणाली. शेवटी तसंच माप घेतलं, आणि ते बरोबर निघालं. सरळ उभ्या माणसाच्या मापाने शिवले असते तर गुडघ्याला काचले असते.

सराव करून दुकानात आली की तिचा एक खेळ असे. मी शिवताना मधेच, न सांगता, काहीतरी फेकायचं. दोऱ्याचं रीळ, खडू, लिंबू, हाताला येईल ते. ती डाव्या तळव्याने ते खाली पाडायची. हॉकीत गोलकीपरने चेंडू झेलायचा नसतो, अडवायचा असतो, हे मला तेव्हा कळलं. माझी रिळं मशीनखाली जायची आणि मग वाकून काढायचं काम माझं.

"सांगायचं नाही हां," ती बजावायची. "सांगून फेकलंत तर काय उपयोग?"

"कात्री चालेल?"

तिने खरंच विचार केला. "मिटलेली असेल तर."

एकदा सलीमभाईंनी तिला टोपलीतलं अंडं फेकून मारलं. सलीमभाई म्हणजे माझे सगळ्यात जुने गिऱ्हाईक, रिक्षावाले. त्यांचा हूड मी आजवर किती वेळा शिवलाय देव जाणे, कारण ते झाडाखाली रिक्षा लावतात आणि फांद्यांना दोष देतात. अंडं तिने अडवलं, व्हायचं ते झालं. सलीमभाई म्हणाले, "वहिनी, पोर चांगली आहे. पण हिला नवरा मिळायचा तो बंदूक घेऊन येईल."

"येऊ दे," ती अंडं पुसत म्हणाली.

तिला पुलावरून पॅड हातात घेऊन यायचा कंटाळा. ओझं होतं. अंगावर घातले की होत नाही, असं तिचं गणित. म्हणून भाट्याहून सगळा सरंजाम चढवूनच चालत यायची. पायात पॅड, छातीवर चिलखत, तोंडावर जाळीचं काळं हेल्मेट. शिमग्याचे दिवस होते. गावोगाव संकासुर फिरत होते, काळे झगे आणि मुखवटे घालून, पोरांना घाबरवत. पुलाच्या तोंडाशी एका म्हातारीने हिला थांबवलं, हातावर दहा रुपये ठेवले आणि नातवाला पुढे केलं. "ह्याला जरा घाबरव गो, जेवत नाय मेला." हिने हेल्मेटमधून त्या पोराकडे पाहिलं आणि सगळा जोर लावून ओरडली, "सोडू नकोस! अंगावर जा! अंगावर!" ते पोर म्हणे तीन दिवस आजीचं सगळं ऐकत होतं. ते दहा रुपये आणून तिने माझ्या मशीनवर ठेवले. "फोमचे," म्हणाली.

खाल्लेल्या प्रत्येक गोलाला ती नाव द्यायची. पायामधून गेलेला तो 'भुयार'. स्वतःच्याच बॅकच्या काठीला लागून आत गेलेला तो 'भाऊबंद'. आणि समोरून सरळ येताना दिसला, सगळ्यांना दिसला, तरी आत गेला, तो 'पाहुणा'. पाहुण्याचा तिला सगळ्यात राग. "दारात उभी राहून या या केलं मी त्याला," म्हणायची. मी विचारायचे, आज काय? ती बोटं दाखवायची. एक भुयार. एक पाहुणा. झालं.

तिची आई आंब्याच्या कारखान्यात हंगामी कामाला. वडील मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला दिसणार. एक दिवस आई माझ्याकडे आली आणि उभ्यानेच म्हणाली, "तुम्ही तिचे पॅड शिवणं बंद करा, म्हणजे ती घरी बसेल."

मी म्हटलं, "बंद केले तर पॅडशिवाय उभी राहील."

आई तशीच निघून गेली. दुसऱ्या दिवशी जुन्या सतरंजीचा तुकडा घेऊन आली. "गुडघ्याला आतून हे लावा. तिथे जास्त लागतं तिला." तो तुकडा अजून त्या पॅडमध्ये आहे. माळ्यावर उसवलेल्या कडेतून त्याचे निळे पट्टे दिसत होते.

पॅड कसे चालतात ते बघायला मी एकदाच भाट्याला गेले. शाळेचं मैदान जांभ्या दगडाचं, तिथे सूर मारला की कातडं जायचं. म्हणून ओहोटी लागली की ती आणि गावातल्या पाच-सहा मुली पुळणीवर खेळायच्या. ओली वाळू घट्ट असते, चेंडू सरळ पळतो. गोल एकच होता. दुसरा कशाला हवा, गोलकीपर तर एकच आहे, असं तिचं म्हणणं. गोलाचं तोंड कायम गावाकडे, म्हणजे उत्तरेला. डाव्या हाताला दर्या, उजव्या हाताला सुरूचं बन.

आणि तिथे मी पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला. दुकानात दोन शब्द बोलणारी पोर गोलात उभी राहिली की तोंड मिटेना. "दर्या! दर्याकडे हो! सुरूला कोण आहे? सुरू मोकळी आहे गो! मागे ये, आणखी मागे, दर्या!" पुढच्या मुली तिच्या आवाजावर इकडून तिकडे धावत होत्या. त्यांना मागे काय चाललंय ते दिसत नव्हतं. हिला सगळं दिसत होतं, आणि ही सांगत होती. सगळ्या अंगाने सांगत होती. फोम ठीक होता का ते बघायला गेलेली मी, फोमकडे बघायचंच विसरले.

फोम ठीक नव्हता, हे पुढे कळलं. दोन वर्षांनी राज्याच्या स्पर्धेत कुणीतरी तिला पाहिलं आणि एका व्यावसायिक संघाने शिबिराला बोलावलं. उत्तरेतलं शहर, सात दिवस, तीन गोलकीपर आणि जागा दोन. पहिल्याच दिवशी तिला खरे, कंपनीचे पॅड मिळाले आणि पहिलाच चेंडू तिच्या पायाला लागून दहा हात लांब उडाला. माझ्या सीटच्या फोमवर चेंडू मरून पडायचा. तिला तीच सवय. फोन करून म्हणाली, "काकी, हा फोम परत फेकतो."

मी म्हटलं, "मग मरायची वाट बघू नको. कुठे फेकायचा ते तू ठरव."

ते तिला दोन दिवसांत जमलं. हातापायाचं तिला सगळं जमायचं. अडलं ते तोंडापाशी.

चौथ्या दिवशी दुपारी फोन आला. सलीमभाई हूड घ्यायला आले होते आणि मी शेवटची शिवण मारत होते. फोन स्पीकरवर टाकला.

"काकी, मला घरी पाठवणार." आवाज कोरडा होता. "आईला सांगू नका."

"काय झालं?"

"मी सांगते तिकडे कुणी जातच नाही. उलट जातात. आज दोन गोल झाले तसे. सर म्हणाले, हिला खेळ उलटा दिसतो."

"मुद्दाम करतात?"

"नाही. चांगल्या आहेत. मी डावी ओरडते, त्या उजवीकडे धावतात. सगळ्या."

"सगळ्या?"

"एक साताऱ्याची आहे. ती बरोबर जाते."

सलीमभाई हूड खाली ठेवून हसायला लागले. इतके हसले की मी त्यांच्या अंगावर रीळ फेकलं. त्यांना ते अडवता आलं नाही.

"वहिनी, अहो, ऐका. गेल्या मे महिन्यात दिल्लीची पार्टी होती माझ्याकडे, गणपतीपुळ्याला. मागून बाई म्हणते, भैया, दाएँ लो, दाएँ. मी घेतली डावीकडे. सरळ एकाच्या खळ्यात! कोकमं सुकत घातलेली सगळी. त्या माणसाने मला मारायचंच काय ते बाकी ठेवलं." त्यांनी फोनकडे तोंड नेलं. "अगो पोरी, हिंदीत दाएँ म्हणजे उजवी. तू डावी ओरडतेस, त्यांना दाएँ ऐकू येतं. त्या बिचाऱ्या तुझंच ऐकतायत."

मग ती म्हणाली, "झालं."

हे 'झालं' मी तिच्या तोंडून पूर्वी ऐकलं नव्हतं. हसू होतं त्यात.

पण उत्तर लगेच मिळालं नाही. मी म्हटलं, मग बाएँ म्हण. तिला हिंदी येत होती. पण चेंडू अंगावर येतो तेव्हा तोंडातून घरचंच बाहेर पडतं, म्हणाली. लेफ्ट-राइट? तेही करून पाहिलं होतं. शाळेच्या परेडमध्ये तिचा कायम भलता पाय पुढे पडायचा. लेफ्ट म्हणायला आधी आपला हात आठवावा लागायचा, तोवर चेंडू आत. शाळेच्या सरांनी शिकवलेलं डावी-उजवी तरी निदान आपोआप यायचं. आपोआप येणारं आणि त्यांना कळणारं, असं काहीतरी हवं होतं.

मी शिवण संपवून दोरा तोडला. "तू भाट्याला काय ओरडायचीस?"

"दर्या."

"मग तेच ओरड. दर्या तर त्यांनाही कळेल."

"इथे दर्या नाहीये, काकी. जवळपास कुठेच नाहीये."

"तुझ्या डाव्या हाताला आहे ना? मग आहे. त्यांना सांग, माझ्या डाव्या हाताला दर्या असतो. तोंड कुठेही असू दे."

"आणि उजवीकडे सुरू," ती म्हणाली. आता तिचा आवाज भराभर यायला लागला होता.

सलीमभाई ओरडले, "सुरू नको! शुरू समजून सगळ्या पुढे पळतील, तू एकटी उरशील!"

खरंच होतं. आम्ही तिघं विचार करायला लागलो. ती म्हणाली, माड? सलीमभाई म्हणाले, मार ऐकू येईल, कुणाचं तरी डोकं फुटेल. मी म्हटलं, दर्याच्या उलट काय? आपल्याकडे एका बाजूला दर्या, दुसऱ्या बाजूला घाट. घाट म्हण.

"दर्या," तिने म्हणून पाहिलं. "घाट. दर्या. घाट." मग फोनवर, चारशे कोसांवरून, पूर्ण आवाजात, "घाट!" दुकानासमोरून जाणारी बाई थबकून बघायला लागली.

"आता जेवताना सगळ्यांना शिकव," मी म्हटलं.

तिथेच खरी अडचण होती. वीस-बावीस बायका, कुणी पंजाबच्या, कुणी ओडिशाच्या, कुणी झारखंडच्या. दोघी तर देशाकडून खेळलेल्या. त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं की आजपासून तुम्ही माझ्या गावचे दोन शब्द शिका.

"मला नाही जमणार ते. तुम्ही सरांशी बोला ना."

"मी कोण? सीटा शिवणारी. आज जेवताना सांगितलंस तर उद्याच्या खेळात होईल. नाहीतर ये घरी, आंब्याचा हंगाम आलाच आहे."

मी फोन ठेवला. सलीमभाई म्हणाले, जरा मऊ बोलायचं होतं, वहिनी. मी म्हटलं, हूड घ्या आणि जा.

तिने काय केलं ते मला त्या साताऱ्याच्या मुलीने पुढे सांगितलं. आमची पोर त्या मुलीला घेऊन एकदा दुकानात आली होती. जेवणघरात सगळ्या बसलेल्या. ही आडवी आडवी चालत आत आली, डोक्यावर हेल्मेट. टेबलाच्या टोकाला गुडघे वाकवून उभी राहिली, गोलात उभी राहते तशी, आणि हेल्मेटच्या जाळीतून बोलायला लागली. दर्या म्हणजे हा हात. घाट म्हणजे हा. आणि मग एकेकीकडे बघून, "दर्या!" की तिने डावीकडे सरकायचं. "घाट!" की उजवीकडे. आमटीची भांडी हातात धरून देशाकडून खेळलेल्या बायका इकडून तिकडे सरकत होत्या. वाढणारा माणूस घाटाकडे सरकला तेव्हा सगळ्यांना हसू फुटलं, आणि त्यानंतर कुणी विसरलं नाही. शिबिराच्या शेवटच्या तीन दिवसांत तिने भुयार एक खाल्लं आणि पाहुणा एकही नाही. दोन जागांतली दुसरी तिची झाली.

तर ती रविवारची संध्याकाळ. दुकानामागेच माझं घर. पाच वाजता सलीमभाई तिच्या आईला रिक्षातून घेऊन आले. आई खुर्चीवर बसेना, जमिनीवरच भिंतीला टेकून बसली. टीव्ही लावला. गोलात दुसरीच होती.

पहिला अर्धा वेळ मला काही आठवत नाही. एक गोल आपण केला एवढं आठवतं. ती बाकावर पॅड बांधून बसली होती आणि कॅमेरा तिच्यावरून गेला तेव्हा सलीमभाई म्हणाले, "बघा, बसलेली पण वाकूनच." आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मध्यंतर संपलं. खेळाडू मैदानात उतरायला लागल्या. सगळ्या सरळ धावत होत्या आणि एक आडवी चालत होती.

"आली!" सलीमभाई उठून उभे राहिले.

तिसरा भाग सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत आणि तिने गोल खाल्ला. समोरून, सरळ, सगळ्यांना दिसत. मी म्हटलं, "पाहुणा." आईने माझ्याकडे बघितलं, तिलाही ते नाव माहीत होतं. पडद्यावर हिने काठी दोनदा खांबावर आपटली आणि परत वाकून उभी राहिली. मग गोलाजवळच्या माइकमधून तो आवाज आला. प्रेक्षक फार नव्हते, त्यामुळे स्वच्छ आला.

"दर्या! दर्याला ये! घाट सोडू नको, घाट, घाट! मागे! दर्या!"

पुढच्या चौघी तिच्या आवाजावर सरकत होत्या, पुळणीवरच्या मुलींसारख्याच. सामन्याचं वर्णन करणारा हिंदीत म्हणाला की गोलकीपर काहीतरी दरिया दरिया म्हणते आहे, पण या शहरात तर नदीसुद्धा नाही. सलीमभाईंनी टीव्हीला सांगितलं, "तुला काय करायचंय? तू बॉल बघ."

तिची आई पुढे सरकून गुडघ्यांवर आली होती. "ही एवढं बोलते?" मला विचारलं. "घरी तर माझ्याशी..." आणि थांबली. "काय म्हणते ती? दर्या?"

"भाट्याचं," मी म्हटलं.

चौथ्या भागात आपला दुसरा गोल झाला. शेवटचं मिनिट उरलं आणि समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. म्हणजे चेंडू कडेवरून आत येणार, डीच्या, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकावर कुणीतरी तो थांबवणार आणि दुसरी पूर्ण ताकदीने गोलात हाणणार. अडवायला गोलकीपर आणि फक्त चौघी. त्या चौघींनी तोंडावर मुखवटे चढवले. हिने एकीच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगितलं आणि मग एकदाच ओरडली.

"दर्या!"

आणि त्या चौघी, मुखवट्याच्या आतून, आपापल्या मुलखाच्या उच्चाराने, एकदम ओरडल्या. दरया, दोर्या, दरिया. काय काय होतं ते.

चेंडू आला, थांबला, सुटला. पहिली धावत दर्याकडून आडवी गेली, म्हणून मारणारीला चेंडू दुसऱ्या बाजूला काढावा लागला. तिथे ही आधीच निघाली होती. पूर्ण लांब, हवेत, आणि डावा तळवा नाही, उजव्या हातातली काठी. चेंडू काठीला लागून खांबाबाहेर गेला. भोंगा वाजला.

सलीमभाईंनी माझा हात इतका जोरात हलवला की खांदा दोन दिवस दुखत होता. तिची आई टीव्हीसमोर उभी होती. पडद्यावर सगळ्या हिच्या अंगावर पडल्या होत्या आणि त्या ढिगाखालून फक्त दोन पॅड बाहेर दिसत होते. आई त्या पॅडांकडे बोट दाखवून म्हणाली, "हे तुमचे नाहीत ना? ह्यात सतरंजी नसणार."

"नाही," मी म्हटलं. "कंपनीचे आहेत."

तासाभराने फोन आला. आईशी आधी बोलली. आईने दोनदा हो म्हटलं, एकदा नाही म्हटलं, आणि फोन माझ्याकडे दिला.

"काकी, झालं."

"पाहुणा आला होता."

"आला होता," ती म्हणाली. "पट्टा सैल झालाय. वेगळा शिवून पाठवाल?"

"कुठल्या पायाचा?"

"दर्याकडचा."

मी म्हटलं, "तुझे जुने पॅड माळ्यावरून काढलेत. काय करू?"

"फोम चांगला आहे?"

"चांगला आहे."

"मग वापरा ना," म्हणाली आणि फोन बंद.

सोमवारी सकाळी ताडपत्रीचे रोल यायच्या आधी मी दुकान उघडलं. दोन्ही पॅड उसवले. रेक्झिन तडकलं होतं, ते टाकलं. सतरंजीचा तुकडा धुऊन वाळत घातला, तिच्या आईला परत द्यायला. फोम दाबून पाहिला; मधोमध जरा बसला होता, बाकी उत्तम. सलीमभाईंची मागची सीट कधीची खचली होती. ती काढून आणली, दोन्ही फोम शेजारी शेजारी बसवले, आणि वरून रेक्झिन ताणून ठोकायच्या आधी खालच्या फळीवर खडूने एका अर्ध्यावर 'द' आणि दुसऱ्या अर्ध्यावर 'घ' लिहिलं.

सलीमभाई सीट न्यायला आले आणि बसवताना अडखळले. "वहिनी, हिची डावी बाजू कुठली?"

मी सीट उलटी करून खडू दाखवला. मग नायलॉनचा पट्टा काढला आणि तिच्या पॅडसाठी मापावर कापायला घेतला.